जागतिकीकरण आणि धार्मिक मूलतत्त्ववाद: सोलापूरवर लघुप्रबंध करताना मोजायचं नेमकं काय?

विजापूर_वेस

एम.ए. समाजशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय: ‘जागतिकीकरण आणि धार्मिक मूलतत्त्ववाद, सोलापूर शहराच्या संदर्भात’. सध्याची मांडणी अशी: १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, गिरण्या बंद पडल्या, हातचं काम गेलं, माणसं असुरक्षित झाली, धर्माकडे वळली आणि त्यातून मूलतत्त्ववाद वाढला. पुरावा म्हणून गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) गर्दी, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, गणपती मंडळांची संख्या, इज्तिमा (मुस्लिमांचे धार्मिक मेळावे), नव्याने बांधलेली मंदिरं-मशिदी. सोबत २०० जणांची प्रश्नावली.

मार्गदर्शकांचा शेरा आहे: ‘संकल्पना सैल आहे, मापन नाही.’ तर विचारायचंय ते असं. मूलतत्त्ववाद मोजायचा कसा? जागतिकीकरणाशी त्याचा संबंध दाखवताना कोणाचा सिद्धांत धरावा? आणि श्रद्धाव्यवस्थांवर एक प्रकरण घालायला सांगितलंय, ते इथे बसतं का?

---

चाटी_गल्ली

साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा शेवटचा आहे: ‘धर्माकडे वळली आणि त्यातून मूलतत्त्ववाद’. भाविक वाढले म्हणजे मूलतत्त्ववादी वाढले असं होत नाही. कित्येकदा उलटंच असतं. मूलतत्त्ववादी माणसाचं पहिलं भांडण आपल्याच धर्मातल्या सैल, जत्रेत रमणाऱ्या भाविकाशी असतं.

मुळात मूलतत्त्ववाद (फंडामेंटलिझम) हे प्रकरण अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथातलं. १९१० ते १९१५ या काळात लायमन स्ट्यूअर्ट या तेल-उद्योजकाने भावाच्या साथीने पैसा घालून ‘द फंडामेंटल्स’ नावाच्या १२ पुस्तिका छापल्या आणि पाद्री-धर्मप्रचारकांना फुकट वाटल्या. रोख कोणावर? बायबलची ऐतिहासिक चिकित्सा करणाऱ्या आणि डार्विनशी जुळवून घेणाऱ्या ख्रिस्ती विद्वानांवर, म्हणजे घरच्याच लोकांवर. १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या संपादकाने अशा मंडळींना ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव दिलं, तेही कौतुकाने. १९२५ च्या डेटन इथल्या स्कोप्स खटल्यानंतर (शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून शिक्षकावर भरलेला) त्या नावाला हेटाळणीचा वास चिकटला. त्यामुळे तेलाचा पैसा, छापखाना आणि टपाल या तिन्हींशिवाय ही चळवळ उभीच राहिली नसती हे ध्यानात असू द्या. ती जुन्या काळातून उरलेली नाही, आधुनिक काळानेच घडवलेली आहे.

आता तुमचे पुरावे. गड्डा घ्या. सात नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच पवित्र काठ्या), त्यांच्या मानाचा ठरलेला क्रम आणि तो मान वेगवेगळ्या जातींकडे, भक्तांची पांढरी बाराबंदी, ६८ लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. ‘असं का?’ म्हणून विचारलं तर ‘पूर्वीपासून आहे’ एवढं उत्तर पुरतं. ही परंपरा. मूलतत्त्ववाद तिथे सुरू होतो जिथे ‘पूर्वीपासून आहे’ हे उत्तर पुरेनासं होतं, कारण समोर दहा पर्याय दिसायला लागलेले असतात, आणि तरीही माणूस कारण द्यायचं नाकारतो. समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्सचं म्हणणं थोडक्यात हेच: जागतिकीकरण प्रत्येक परंपरेला कारण विचारतं; ते न देता, जुन्याच पद्धतीने परंपरेचा बचाव करणं म्हणजे मूलतत्त्ववाद. १९९९ च्या बीबीसीवरच्या रीथ व्याख्यानांत त्याने हे सांगितलंय.

पण कारण विचारलं गेल्यावर दुसरी वाटही असते, आणि ती आपल्या जिल्ह्यातच दिसते. पंढरपूरला १९४७ मध्ये साने गुरुजींचं उपोषण झालं आणि विठ्ठल मंदिर दलितांना खुलं झालं. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने जातीचं बंधन न ठेवता, स्त्रियांसह पुजारी नेमले. वारी मोडली का? नाही. परंपरेने कारण दिलं, थोडी बदलली, पुढे चालली. हे उदाहरण प्रबंधात घ्याच, नाहीतर जागतिकीकरणाचा परिणाम एकाच दिशेने होतो असा समज होईल.

आणखी एक घोळ टाळा: जमातवाद आणि मूलतत्त्ववाद एकाच पोत्यात घालू नका. जमातवाद म्हणतो, एका धर्माच्या लोकांचं हित एक आणि ते दुसऱ्यांच्या हिताच्या विरोधात. जमातवादी नेता स्वतः नास्तिक असला तरी चालतं. मूलतत्त्ववादाला आचरण हवं असतं. लिंगायत स्वतंत्र धर्माची मागणी (कर्नाटक सरकारने मार्च २०१८ मध्ये केंद्राकडे शिफारस केली ती) या दोन्हींत बसत नाही. मुळाकडे, म्हणजे बसवण्णांच्या वचनांकडे जाण्याची भाषा तिथे आहे, पण मुळाकडे जाणारा प्रत्येक जण मूलतत्त्ववादी नसतो. सुधारकही मुळाकडेच जातो.

---

जुनी_मिल_कंपाउंड

वरच्यांनी शेवटचा दुवा धरला, मी पहिला धरतो. ‘१९९१ नंतर गिरण्या बंद पडल्या’ हे वाक्य सोलापुरात जपून लिहा, परीक्षक इथला असला तर पहिल्याच पानावर अडवेल. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, १९४९ मध्ये बंद पडली होती आणि जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने अध्यादेश काढून तिचा कारभार हातात घेतला. त्यावरचा चिरंजितलाल चौधरी खटला राज्यघटनेच्या अभ्यासात आजही शिकवतात. म्हणजे उदारीकरणाच्या चाळीस वर्षं आधीपासून इथला गिरणीधंदा आजारी होता. लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या पुढच्या लाटेतल्या. सगळं खापर १९९१ वर फोडलं तर कारण आणि काळ जुळत नाहीत.

जागतिकीकरण इथे आलं ते दुसऱ्या दारांनी. कापडाच्या निर्यातीवरचा आंतरराष्ट्रीय कोटा (देशवार मर्यादा) १ जानेवारी २००५ ला संपला. टॉवेलच्या निर्यातीला वाव मिळाला, पण स्पर्धाही उघडी पडली. विडी बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू-नियंत्रण करार २००५ मध्ये लागू झाला. भारताने २००३ मध्येच स्वतःचा कायदा केला होता, २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आला आणि २०१७ मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी. जिनिव्हात ठरलेलं धोरण पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईच्या सुपापर्यंत पोचलं ते असं. ‘जागतिकीकरण’ लिहायचं तर ही साखळी लिहा, मोघम ‘पाश्चात्त्य संस्कृतीचं आक्रमण’ नको.

असुरक्षितता आणि धर्म यांच्या नात्यासाठी पिप्पा नॉरिस आणि रोनाल्ड इंगलहार्ट यांचा २००४ चा अभ्यास धरता येईल: जगण्याची शाश्वती कमी तिथे धार्मिकता जास्त. पण ते नातं देशादेशांच्या तुलनेतून काढलंय. ते उचलून एका शहरातल्या वस्त्यांना लावता येत नाही. शिवाय भारतात पेच असा की मीरा नंदा यांनी २००९ मध्ये दाखवल्याप्रमाणे उदारीकरणानंतरचं नवं कर्मकांड वाढलं ते प्रामुख्याने शहरी, शिकलेल्या, चढत्या मध्यमवर्गात. ज्याचं बरं चाललंय तो जास्त पूजा घालतोय. म्हणजे होटगी रोडच्या अपार्टमेंटमधला वास्तुशांतीचा खर्च आणि विडी घरकुलातली (विडी कामगारांच्या वसाहतीतली) मरीआईची जत्रा, दोन्ही ‘असुरक्षिततेने’ समजावता येणार नाहीत.

सॅम्युअल हंटिंग्टनचा ‘संस्कृतींचा संघर्ष’ (यापुढचे मोठे झगडे संस्कृती-संस्कृतींत होतील ही मांडणी) पहिल्या प्रकरणात घालायचा मोह होईल (१९९३ चा लेख, १९९६ चं पुस्तक). घाला, पण टीकेसकट. एडवर्ड सैद आणि अमर्त्य सेन यांचे आक्षेप एका परिच्छेदात बसतात. एकाच ‘संस्कृती’त धरलेल्या इराण-इराकचं युद्ध १९८० ते १९८८ चाललं, एवढं सांगितलं तरी मांडणी डळमळते. आणि चार हुतात्म्यांच्या शहरात, जिथे १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, शिंदे, सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन फासावर गेले, तिथे संस्कृती म्हणजे सीलबंद डबे असं धरून चालणं जरा अवघडच.

---

विजापूर_वेस

दोघांचेही आभार, गिरण्यांचं वाक्य काढतो. पण मग मोजायचं काय? ‘फंडामेंटलिझम प्रोजेक्ट’ या अभ्यासप्रकल्पाने दिलेली मूलतत्त्ववादाची नऊ लक्षणं वाचली आहेत. ती प्रश्नावलीत टाकून प्रत्येकाला नऊपैकी गुण दिले तर? आणि हिंदू धर्मात एकच ग्रंथ नाही, तिथे ती लागू होतात का?

---

शेंगाचटणी

गुण देऊ नका, कारण ती लक्षणं माणसाची नाहीत, चळवळीची आहेत. ‘संघटनेत नेत्याचा शब्द अंतिम’ हे लक्षण एका टॉवेल कारखान्यातल्या कामगाराला कसं लावणार? एकक चुकलं की पुढचं सगळं गणित वाया जातं. या विषयावरच्या लघुप्रबंधांत सर्रास दिसणारी चूक ही.

प्रकल्प १९८७ मध्ये मार्टिन मार्टी आणि स्कॉट ॲपलबी यांनी सुरू केला, १९९१ ते १९९५ मध्ये पाच खंड आले. नऊ लक्षणांची यादी २००३ च्या पुस्तकात पक्की झाली. पाच विचाराची: धर्म बाजूला सारला जातोय या भावनेतून आलेली प्रतिक्रिया, परंपरेतलं आणि आधुनिकतेतलं सोयीने निवडून घेणं, जगाचे शुद्ध आणि अशुद्ध असे दोनच भाग, ग्रंथ किंवा वचन निर्दोष, शेवटी विजय आपलाच, तारणहार येणार. चार संघटनेची: निवडक सभासद, आतले-बाहेरचे यांत ठळक रेघ, वरून आलेला हुकूम, आणि पेहराव-खाणं-वागणं यांचे सक्तीचे नियम. हिंदू, शीख आणि सिंहली बौद्ध चळवळींबद्दल त्या अभ्यासकांनाही खात्री नव्हती. तिथे राष्ट्र किंवा समूहाची ओळख पुढे आणि ग्रंथ मागे असतो, म्हणून त्यांनी त्या शुद्ध नमुन्यात न बसवता वेगळ्या ठेवल्या. तुम्हीही तेच करा. स्टीव्ह ब्रूस तर एकेश्वरवादी, एकग्रंथी धर्मांतच हे सहज रुजतं असं मानतो.

लघुप्रबंधाच्या आवाक्यात बसेल असं काम सांगतो. मोजायची ती रेघ. नऊपैकी ‘आतले-बाहेरचे यांतली ठळक रेघ’ हे एकच लक्षण घरोघरी दिसतं, आणि ते लोकांच्या मतात नाही तर कृतीत सापडतं. सोलापुरात सामायिक आचार भरपूर आहेत: दर्ग्याला नवस, मोहरमचे पंजे आणि सवाऱ्या, गणपतीची वर्गणी, ईदचा शीरखुर्मा, संक्रांतीचा तिळगूळ, हळदीकुंकू, लग्नातली पंगत, घर भाड्याने देणं. अशा दहा-बारा आचारांची यादी करा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न जोडा.

पहिला: तुमच्या घरी हे पूर्वी होतं का, आता आहे का? ‘पूर्वी’ला खुंटी हवी. ‘पंधरा वर्षांपूर्वी’ म्हटलं की कोणालाच आठवत नाही. ‘नोटाबंदीच्या आधी’, ‘कोरोनाच्या आधी’, ‘थोरलीच्या लग्नाच्या आधी’ म्हटलं की आठवतं.

दुसरा: बंद झालं असेल तर का? पर्याय वाचून दाखवू नका, ऐकून मागाहून खुणा करा. साधारण सहा खाने पुरतात: घर बदललं, करणारं म्हातारं माणूस गेलं, वेळ-पैसा नाही, समोरच्यांनी बोलावणं थांबवलं, आम्हालाच ते बरोबर वाटेना, कोणीतरी करू नका म्हणून सांगितलं. पहिले तीन खाने मूलतत्त्ववादाचा पुरावा नाहीत, आणि बहुतेक उत्तरं तिथेच पडण्याची शक्यता धरून चाला. जुन्या पेठेतला वाडा सोडून फ्लॅटमध्ये गेलेल्या घराचा शेजारच बदलतो. त्याला विचारधारा चिकटवली की निष्कर्ष बिघडलाच.

तिसरा प्रश्न फक्त शेवटच्या दोन खान्यांसाठी: कोणी सांगितलं, कुठे ऐकलं? घरातलं माणूस, गल्लीतला पुजारी-मौलाना, बाहेरगावचा प्रवचनकार, मोबाइलवरचा व्हिडिओ, परदेशात नोकरीला गेलेला नातेवाईक. तुमचं जागतिकीकरण या रकान्यात आहे. ऑलिव्हिए रुआ यांची मांडणी इथे कामाला येते: धर्म स्थानिक संस्कृतीपासून सुटा होतो, ‘शुद्ध’ होतो आणि म्हणूनच कुठेही नेता येतो. दर्ग्याचा नवस हे त्याचं उत्तम उदाहरण. तो दोन्हीकडून बंद पाडला जातो. एकीकडे सांगतात, अल्लाहखेरीज कोणाकडे मागणं हे शिर्क (अल्लाहला भागीदार मानण्याचं पाप). दुसरीकडे सांगतात, तो आपला देव नव्हे. दोघे एकमेकांचे विरोधक, पण ज्या बाईने मुलाच्या तापासाठी दर्ग्यात धागा बांधला तिला दोघांचा निरोप एकच: रेघेच्या आत राहा. हे एका तक्त्यात समोरासमोर मांडता आलं तर प्रबंधाचं चीज झालं.

जातीबद्दलही हेच तीन प्रश्न विचारा. हे विसरलात तर जातीमुळे बंद असलेली पंगत धर्माच्या खात्यावर चढेल.

आता संख्या. मित्रांच्या ओळखीतून २०० फॉर्म भरून घेतले तर त्यांना नमुना म्हणता येत नाही. यादृच्छिक घेतले तरी टक्केवारीत अधिक-उणे ७ चा फरक पडतो, आणि ५०-५० चे चार गट पाडले की प्रत्येकात १४ चा. त्यातून वस्तीवस्तीतला फरक सिद्ध होणार नाही. त्यापेक्षा तीन वस्त्या घ्या (पूर्व भाग, विजापूर वेस परिसर, होटगी रोडची नवी वसाहत), प्रत्येकी आठ घरं, म्हणजे २४ मुलाखती. निम्म्या घरांत साठीपुढचं माणूस असेल असं बघा. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला उतरवून काढायला पाच-सहा तास जातात, म्हणजे नुसतं टंकलेखन १२० ते १४४ तास. घाईत हे कोणी हिशोबात धरत नाही आणि शेवटच्या महिन्यात निम्म्या मुलाखती न उतरवताच राहतात.

देशपातळीचा संदर्भ हवा असेल तर प्यू रिसर्च सेंटरचा जून २०२१ चा अहवाल वापरा. सुमारे ३०,००० प्रौढांच्या १७ भाषांतल्या समक्ष मुलाखती, २०१९ अखेर ते २०२० आरंभ. त्यातले दोन आकडे शेजारी ठेवून बघा. खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा, असं ८४ टक्के लोक म्हणतात. आणि आपल्या धर्माच्या स्त्रियांनी बाहेर लग्न करणं रोखायलाच हवं, असं ६७ टक्के हिंदू आणि ८० टक्के मुस्लिम म्हणतात. आदरही आहे आणि कुंपणही आहे. म्हणूनच ‘तुम्ही सहिष्णू आहात का?’ हा प्रश्न विचारून हाती काही लागत नाही. ‘तुम्ही कट्टर आहात का?’ हा तर त्याहून फसवा. ज्या गावात दुचाकीच्या नंबरप्लेटवर ‘कट्टर’ अभिमानाने लिहितात, तिथे उत्तर ‘हो’ येणार आणि त्याचा अर्थ फार तर ‘पक्का समर्थक’ एवढाच असणार.

---

पार्क_चौक

श्रद्धाव्यवस्थांचं प्रकरण बसतं का, हे अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितोय. बसतं, पण नेहमीच्या ‘बंद विरुद्ध खुली व्यवस्था’ या तक्त्याने नाही.

तक्ता असा असतो. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्डने १९३७ मध्ये आफ्रिकेतल्या अझांदे लोकांचा अभ्यास मांडला. कोंबडीच्या पिलाला विष घालून कौल घ्यायचा. कौल खोटा ठरला तर विषच बिघडलेलं होतं, किंवा दुसऱ्या कोणी करणी केली, असं उत्तर तयार. कौलावरचा विश्वास जागचा हलत नाही. मायकेल पोलान्यीने अशा बचावाची तीन अंगं सांगितली: विधानं एकमेकांना आधार देतात, विरोधी पुराव्याला पुरवणी स्पष्टीकरण असतं, आणि पर्यायी विचाराला मुळात रुजूच दिलं जात नाही. मग रॉबिन हॉर्टनने १९६७ मध्ये ‘बंद’ आणि ‘खुली’ असे दोन खाने केले, आणि पाठ्यपुस्तकांनी धर्म एका खान्यात, विज्ञान दुसऱ्यात टाकून दिलं. विज्ञानाचा इतिहासकार टॉमस कून (१९६२) वाचलेला माणूस इथेच हात वर करतो: शास्त्रज्ञही आपली चौकट सहजासहजी सोडत नाहीत.

पण हॉर्टनच्या व्याख्येत एक बारीक अट आहे आणि तुमच्या प्रबंधाला तीच हवी. बंद व्यवस्था म्हणजे जिथे माणसाला पर्यायांची जाणीवच नाही. मूलतत्त्ववादी तसा नसतो. त्याला पर्याय पक्के ठाऊक असतात, खिशातल्या मोबाइलवर दिवसभर दिसत असतात, आणि तो दार आतून लावून घेतो. अझांदे माणूस कौलाचं समर्थन करायला व्याख्यानं देत नाही. मूलतत्त्ववादी मात्र सतत समर्थन करत असतो: आमच्या ग्रंथात विज्ञान आधीच होतं, त्यांचे शास्त्रज्ञही आता मान्य करतात वगैरे. ज्या विज्ञानाला नाकारायचं, दाखला त्याचाच. हे पोलान्यीचं दुसरं अंग (पुरवणी स्पष्टीकरण), फक्त आता ते मोबाइलवर फॉरवर्ड होतं. पीटर बर्गर म्हणतो तसं, आधुनिक काळात श्रद्धाही निवडावी लागते. निवडलेली गोष्ट वारशाने मिळालेल्या गोष्टीपेक्षा जास्त जोरात धरून ठेवावी लागते. (बर्गरने १९६७ मध्ये धर्म ओसरणार असं लिहिलं आणि १९९९ मध्ये जग अजून तितकंच धार्मिक आहे म्हणून माघार घेतली, हेही सांगा. परीक्षकांना आवडतं.)

चाटी_गल्ली यांच्या एका मुद्द्याशी मतभेद. गिडन्सची व्याख्या धरली तर कारण न देणं हीच खूण ठरते. पण वर म्हटल्याप्रमाणे मूलतत्त्ववादी कारणं ढिगाने देतो. नाकारतो तो कारण तपासायला. त्यामुळे मुलाखतीत ‘तुमच्याकडे कारण आहे का?’ हे शोधू नका. ‘हे चुकीचं आहे असं कशाने पटेल?’ हा एक प्रश्न घाला. ‘अमुक महाराज म्हणाले तर’, ‘आलिमने सांगितलं तर’, ‘डॉक्टरने सांगितलं तर’ ही सगळी खुली उत्तरं. ‘कशानेच नाही’ हे बंद. सावधगिरी एवढीच की हा प्रश्न अगदी शेवटी, चहा झाल्यावर विचारावा. आधी विचारला तर परीक्षा घ्यायला आलेत असं वाटून पुढची मुलाखत आखडते.

आणि ‘जागतिकीकरण विरुद्ध धर्म’ असं शीर्षक कुठेही येऊ देऊ नका. इराणच्या क्रांतीचे नेते खोमेनी यांची भाषणं पॅरिसजवळच्या गावातून टेलिफोन आणि कॅसेटने तेहरानला पोचत होती. इस्कॉन १९६६ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली आणि आज पंढरपुरात चंद्रभागेकाठी तिचं केंद्र आहे. धर्माला जागतिकीकरणाचा फटका बसतो तसं तेच त्याचं वाहनही असतं.

---

चाटी_गल्ली

पार्क_चौक, मान्य. ‘कारण न देणं’ऐवजी ‘कारण तपासू न देणं’ जास्त नेमकं. गिडन्सही संवाद नाकारण्यावरच बोट ठेवतो, माझ्याकडून ते आखूड झालं.

मॅन्युएल कास्टेल्स राहिला. १९९७ मध्ये त्याने ओळखीचे तीन प्रकार केले: सत्तेने दिलेली, प्रतिकारातून आलेली आणि नवं काही घडवू पाहणारी. शेंगाचटणींच्या तक्त्यात ‘आम्हालाच बरोबर वाटेना’ आणि ‘सांगितलं म्हणून थांबवलं’ यांतला फरक उलगडायला ही विभागणी बरी पडते. पण सगळे सिद्धांत भरू नका. गिडन्स, रुआ आणि हॉर्टन-पोलान्यी एवढे तीन पुरे. बाकीच्यांना एकेक वाक्य.

---

अभ्यासिका_सातरस्ता

यूपीएससीला समाजशास्त्र घेतलेल्यांसाठी थोडक्यात. पेपर १ मधल्या धर्म आणि समाज या घटकात धर्मनिरपेक्षीकरण, पुनरुज्जीवन आणि मूलतत्त्ववाद एकाच ओळीत आहेत, म्हणून तिघांतला फरक विचारला जातो. १० गुणांच्या उत्तराला १५० शब्द. त्यात १९१०-१५ चा उगम एका वाक्यात, नऊपैकी चार लक्षणं, गिडन्स, एक टीका आणि पंढरपूर २०१४ सारखं एक भारतीय उदाहरण बसतं. जमातवाद पेपर २ मध्ये आहे, तो इथे ओतला की गुण जातात. दंगलींची यादी देऊ नये.

---

विजापूर_वेस

शीर्षक बदलतोय: ‘सामायिक धार्मिक आचारांतील घट आणि तिची कारणे: सोलापूरमधील तीन वस्त्या’. मूलतत्त्ववाद हा शब्द सिद्धांताच्या प्रकरणात राहील. मुलाखती जानेवारीत सुरू करू का? आणि पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या आज्या असतील, तिथे काय?

---

शेंगाचटणी

शीर्षक आता बरं आहे, पण ‘घट’ आधीच गृहीत धरू नका. काही आचार वाढलेलेही सापडतील. ‘बदल’ लिहा.

जानेवारीचा मधला पंधरवडा सोडा. गड्ड्याच्या दिवसांत सगळंच शहर भाविक असतं, उत्तरं फुगतात. रमजान, मोहरम आणि गणपतीचे दहा दिवसही टाळा, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर थांबाच. उरतात त्या महिन्यांत आठवड्याला तीन मुलाखती धरल्या तर आठ आठवडे. विडी वळणाऱ्या बायका दुपारी कारखान्यावर माल द्यायला जातात, यंत्रमागावर पाळ्या असतात. वेळ त्यांच्या सोयीची घ्या.

भाषेचं म्हणाल तर मराठीत प्रश्न विचारून नातवाकडून तेलुगूत सांगून घेऊ नका. नातू आजीचं उत्तर स्वतःच्या मताने गाळून सांगतो, आणि तुम्हाला मोजायचा फरक नेमका या दोन पिढ्यांतलाच आहे. तेलुगू आणि कन्नडसाठी एकेक सहकारी घ्या, नात्यातला नको, त्याच गल्लीतला तर नकोच. प्रश्न एकाने तेलुगूत करावेत, दुसऱ्याने ते न बघता परत मराठीत आणावेत. जिथे अर्थ सरकला तिथे दुरुस्ती. दखनी बोलणाऱ्या घरांत पुस्तकी उर्दू वापरू नका, समोरचा लगेच सावरून बसतो.

स्त्री उत्तरदात्यांशी बोलायला बाई मुलाखतकार असावी. नवस, धागा, हळदीकुंकू हे सगळं बायकांच्या हातात असतं आणि घरच्या पुरुषाला त्यातलं निम्मं ठाऊक नसतं. संमती लेखी किंवा ध्वनिमुद्रित घ्या. नाव, गल्ली, मंडळ, मशीद यांपैकी काहीही प्रबंधात येऊ देऊ नका. ‘कोणी सांगितलं’ या रकान्यात लोक बेधडक नावं घेतात. ती उतरवतानाच काढायची आणि तिथे नुसता प्रकार लिहायचा: ‘बाहेरगावचा प्रवचनकार’, ‘व्हिडिओ’, ‘दीर’. मूळ ध्वनिफिती मार्गदर्शकांखेरीज कोणाला ऐकवू नका आणि मौखिक परीक्षा झाली की पुसून टाका.